‘डीम्ड टू बी’ : मानलं कोणी, सांगितलं कोणाला?



मागच्या भागात आपण इंग्रजीतला साधा पॅसिव्ह पाहिला. ‘द लेटर वॉज रिटन’, म्हणजे पत्र लिहिलं गेलं. लिहिणारा वाक्याबाहेर गेला आणि पत्र त्याच्या जागी येऊन बसलं. आज त्याच पॅसिव्हच्या पुढे ‘टू’ आणि आणखी एक क्रियापद जोडलं की काय होतं, ते बघू. ‘ही वॉज टोल्ड टू लीव्ह’, ‘शी इज सेड टू बी रिच’, ‘पॅसेंजर्स आर रिक्वेस्टेड टू वेट’ अशी ही वाक्यं.

शाळेच्या पुस्तकात या रचनेला फार जागा मिळत नाही. ‘चेंज द व्हॉइस’चे मार्क मिळाले की आपण ती विसरूनही जातो. पण शाळा सुटल्यावर आपल्या वाट्याला जे इंग्रजी येतं, ते बरंचसं याच रचनेत येतं. बँकेचं पत्र, सोसायटीची नोटीस, ऑफिसचं परिपत्रक, गुन्ह्याची बातमी, कायद्याचं कलम. तुम्ही बेळगावला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा चेन्नईला. घरात मराठी, बाजारात तिथली भाषा आणि टपालाने येणारा कागद पुष्कळदा इंग्रजी. त्या कागदात आपल्याला काय करायला सांगितलंय, आपल्याबद्दल काय म्हटलंय आणि आपल्या वतीने काय गृहीत धरलंय, हे तीन वेगळे प्रकार आहेत. तिन्हींचा साचा दिसायला सारखाच. घोळ होतो तो इथे.

या रचनेत क्रियापदं दोन असतात आणि दोघांचे कर्ते वेगळे असतात. ‘ही वॉज टोल्ड टू लीव्ह’ घ्या. सांगण्याचं काम कोणी केलं? माहीत नाही, तो वाक्यात नाही. निघण्याचं काम कोणाचं? त्याचं. आता ‘शी इज सेड टू बी रिच’. म्हणण्याचं काम कोणाचं? लोकांचं, पण लोकही वाक्यात नाहीत. श्रीमंत कोण? ती. म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला जो बसलेला दिसतो, तो पहिल्या क्रियापदाचा कर्ता कधीच नसतो. तो दुसऱ्याचा असतो. पहिल्याचा कर्ता दाराआड उभा असतो. असं वाक्य समोर आलं की मी आधी विचारतो, दाराआड कोण आहे?

इथवर दोन्ही वाक्यं जुळी वाटतात. आता ती मराठीत म्हणून बघा. ‘त्याला निघायला सांगितलं.’ ‘ती श्रीमंत आहे म्हणे.’ मराठीने दोघींची लगेच ताटातूट केली. पहिल्यात ‘त्याला’ आणि ‘निघायला’ आलं, दुसऱ्यात ‘म्हणे’ आलं. इंग्रजीने जे एकाच साच्यात ओतलंय, ते मराठीत दोन वेगळ्या घरात राहतं. म्हणून मी शिकवताना सांगतो की ही रचना कळून घ्यायची असेल तर ती मनात मराठीत करा. ‘मराठीतून विचार करू नका’ हा सल्ला आपण खूप ऐकलेला आहे, पण या ठिकाणी तो उपयोगाचा नाही.

मराठीत न करता ओळखायची एक चाचणीही आहे. ‘टू’पासून पुढचं सगळं झाकून टाका. ‘ही वॉज टोल्ड’ उरतं, त्याला सांगितलं. अर्धवट असलं तरी वाक्य उभं राहतं, कारण सांगण्याची क्रिया खरोखरच त्याच्यावर झाली आहे. दुसऱ्या वाक्यात ‘शी इज सेड’ उरतं आणि ते कोसळतं. तिला कोणी काही म्हटलेलंच नाही, तिच्याबद्दल म्हटलंय. दुसरी खूण अशी की ‘शी इज सेड टू बी रिच’ हे ‘इट इज सेड दॅट शी इज रिच’ असं उलगडता येतं. ‘ही वॉज टोल्ड टू लीव्ह’ तसं उलगडत नाही.

पहिलं घर सांगण्या-करायला लावण्याचं. टोल्ड, आस्क्ड, रिक्वेस्टेड, अॅडव्हाइज्ड, डायरेक्टेड, रिक्वायर्ड, ऑर्डर्ड, फोर्स्ड, अलाउड. यांच्यात एक चढण आहे आणि नोटीस वाचताना ती पाहायची असते. ‘यू आर रिक्वेस्टेड टू अटेंड’, विनंती आहे. ‘यू आर अॅडव्हाइज्ड टू अटेंड’, आलात तर बरं, नाही आलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. ‘यू आर डायरेक्टेड टू अटेंड’, अधिकाऱ्याचा निर्देश आहे. ‘यू आर रिक्वायर्ड टू अटेंड’, नियमानेच यावं लागेल. अर्थात आपल्याकडे ‘रिक्वेस्टेड’च्या मागेही कधीकधी काठी असते, हे ज्याने थकबाकीचं पत्र पाहिलंय त्याला सांगायला नको. तरी कागदावर शब्द कोणता आहे याला महत्त्व आहे, कारण उद्या वाद झाला तर काठी नाही, कागद दाखवला जातो.

या घरातलं एक फार जुनं भारतीय वाक्य म्हणजे सरकारी पत्राची सुरुवात, ‘आय अॅम डायरेक्टेड टू से दॅट...’ मला असं कळवण्याचा आदेश आहे की... पहिल्यांदा असं पत्र हातात पडलं की माणूस म्हणतो, अहो, तुम्हाला कोणी आदेश दिला त्याचं मी काय करू? पण त्यात अर्थ आहे. खाली सही करणारा अवर सचिव असतो. निर्णय त्याचा नसतो, सरकारचा असतो. तो सांगतोय की हे मी माझ्या मनाने लिहीत नाही. म्हणून अशा पत्राचं उत्तर लिहिताना ‘तुम्ही माझा अर्ज फेटाळलात’ असं सही करणाऱ्यावर चिडण्यात हशील नसतं.

आता आपल्या मराठी मंडळींची ठरलेली ठेच. ऑफिसच्या परिपत्रकात हे हमखास सापडतं : ‘ऑल एम्प्लॉयीज आर हिअरबाय इन्फॉर्म्ड टू सबमिट...’ हे चुकीचं आहे आणि ते कुठून आलंय हे मला नेमकं दिसतं. मराठी कार्यालयीन भाषेत ‘कळविण्यात येते की’ आणि ‘सूचित करण्यात येते की’ हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याच दमात आपण आज्ञाही देऊन टाकतो. इंग्रजीत ‘इन्फॉर्म’ म्हणजे फक्त माहिती देणं. माहितीपुढे ‘दॅट’ किंवा ‘ऑफ’ येतं, ‘टू सबमिट’ येत नाही. काही करायला सांगायचं असेल तर ‘रिक्वेस्टेड टू’ किंवा ‘डायरेक्टेड टू’ म्हणा. माहिती द्यायची असेल तर ‘इन्फॉर्म्ड दॅट’ म्हणा. ‘इन्फॉर्म्ड टू’ लिहिणाऱ्याने आपण विनंती करतोय की हुकूम, हे ठरवायचं टाळलेलं असतं.

दुसरी ठेच ‘सजेस्ट’ची. डॉक्टरांनी मला विश्रांती घ्यायला सुचवलं. लगेच ‘आय वॉज सजेस्टेड टू टेक रेस्ट’. ऐकायला इतकं सरळ वाटतं की चूक दिसत नाही. आधीचं अॅक्टिव्ह वाक्य करून बघा. ‘दे टोल्ड मी’ चालतं, ‘दे आस्क्ड मी’ चालतं, ‘दे अॅडव्हाइज्ड मी’ चालतं. ‘दे सजेस्टेड मी’ या अर्थाने चालत नाही, कारण ‘सजेस्ट’च्या पुढे सुचवलेली गोष्ट येते, ज्याला सुचवलं तो माणूस नाही. ‘दे सजेस्टेड मी’ खरोखर म्हटलं तर अर्थ होईल, कुठल्यातरी पदासाठी माझंच नाव सुचवलं! पॅसिव्हमध्ये पुढच्या जागेवर तोच येऊ शकतो जो आधी क्रियापदाला चिकटून बसलेला होता. म्हणून ‘आय वॉज अॅडव्हाइज्ड टू टेक रेस्ट’. याच कारणाने ‘आय वॉज सेड टू कम’ म्हणजे ‘मला ये म्हणाले’ होत नाही. ते गेलं दुसऱ्या घरात. ऐकणारा समजेल की मी येतो अशी लोकांत वदंता आहे.

‘वॉन्ट’ मात्र या हिशेबातही बसत नाही. ‘दे वॉन्टेड मी टू कम’ बरोबर, पण ‘आय वॉज वॉन्टेड टू कम’ कोणी म्हणत नाही. ‘लाइक’चंही तसंच. त्यांना पॅसिव्ह करून ‘टू’ जोडणं मानवत नाही एवढं लक्षात ठेवा. ‘वॉन्टेड’ एकटाच उरला तर तो पोलिसांच्या यादीत जातो.

मनाई करण्याच्या क्रियापदांपाशी मराठी पुन्हा मदतीला येते. ‘मला आत जाण्यापासून रोखलं.’ या ‘पासून’कडे बघा. इंग्रजीतही तिथे ‘फ्रॉम’ आहे, ‘आय वॉज प्रिव्हेंटेड फ्रॉम एंटरिंग’. ‘स्टॉप्ड’, ‘प्रोहिबिटेड’, ‘डिसकरेज्ड’, सगळे ‘फ्रॉम’वाले. फक्त ‘फॉरबिडन’ हा ‘टू’ घेऊन फिरतो. ‘आय वॉज स्टॉप्ड टू एंटर’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला कळेल की मला थांबवलं, ते आत शिरता यावं म्हणून. म्हणजे नेमकं उलटं.

आता ‘मेक’, ‘सी’ आणि ‘लेट’. या तिघांची खोड अशी की अॅक्टिव्हमध्ये त्यांना ‘टू’ लागत नाही. ‘दे मेड हिम वेट’, त्याला ताटकळत ठेवलं. पॅसिव्ह झालं की ‘मेक’च्या वाक्यात ‘टू’ परत येतो, ‘ही वॉज मेड टू वेट’. शाळेत वर्गाबाहेर उभं केलेल्या प्रत्येकाला हे वाक्य स्वतःच्या आयुष्यातून पाठ व्हायला हवं, ‘वी वॉर मेड टू स्टँड आउटसाइड’. आपल्याकडे ‘लावणे’ आहे, ‘उभं राहायला लावलं’. त्या ‘-यला’ची आठवण ठेवली की ‘टू’ विसरणार नाही.

‘सी’मध्ये एक बारीक फरक आहे आणि तो साक्षीपुराव्यात कामाला येतो. ‘ही वॉज सीन एंटरिंग द शॉप’ म्हणजे दुकानात शिरताना दिसला. ‘ही वॉज सीन टू एंटर द शॉप’ म्हणजे तो शिरला, आणि हे पूर्ण शिरणं पाहिलं गेलं. मराठीत ‘शिरताना दिसला’ हे ‘-ताना’ आपल्याजवळ आहेच. उंबऱ्यावर पाय दिसला पण पुढे तो आत गेला की परत फिरला ते दिसलं नाही, तर ‘टू एंटर’ लिहू नये. आता ‘सीसीटीव्ही’च्या काळात तर असं वर्णन एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लिहावं लागतं.

‘लेट’ला मात्र हा साचा चालत नाही. ‘मला जाऊ दिलं’ यासाठी ‘आय वॉज लेट टू गो’ नाही. ‘आय वॉज अलाउड टू गो’. आणि ‘टू’ गाळून ‘ही वॉज लेट गो’ म्हटलंत तर जपून, नोकरीच्या संदर्भात त्याचा अर्थ त्याला कामावरून काढलं असा होतो. सभ्य शब्दांत सांगितलं, एवढंच.

मध्येच एक शंका मिटवून टाकू, कारण ती दर वेळी येते. ‘यूज्ड टू’चं काय? घरातला पाटा घ्या. ‘द पाटा इज यूज्ड टू ग्राइंड चटणी’, पाटा चटणी वाटायला वापरतात. हा खरा पॅसिव्ह, दाराआड वापरणारी माणसं. ‘आजी यूज्ड टू ग्राइंड चटणी’, आजी चटणी वाटायची. हा पॅसिव्ह नाहीच, जुनी रीत सांगणारं रूप आहे. ‘आजी इज यूज्ड टू ग्राइंडिंग’, आजीला वाटायची सवय आहे. यातला ‘टू’ वेगळा, म्हणून पुढे ‘-इंग’. तिसऱ्या वाक्यात ‘ग्राइंड’ म्हटलंत तर आजीचाच पाटा-वरवंटा होईल.

आता दुसरं घर, म्हणण्या-मानण्याचं. सेड, बिलीव्हड, थॉट, नोन, रिपोर्टेड, अलेज्ड, अंडरस्टुड, रूमर्ड. यातल्या ‘सेड’ची गंमत म्हणजे त्याला अॅक्टिव्ह जोडीदार नाही. ‘दे से हर टू बी रिच’ असं इंग्रज म्हणत नाही. ‘रूमर्ड’चं तर क्रियापद म्हणून अॅक्टिव्ह रूप आजच्या इंग्रजीत वापरातच नाही. अफवा कोणी पसरवली हे सांगायचं नसतंच, म्हणून भाषेने जणू ते सांगायची सोयच काढून टाकली.

मराठीत हे सगळं काम ‘म्हणे’ करतो. ‘ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली’ असं श्रद्धेने सांगणारा सरळ सांगेल. इंग्रजीत पर्यटकांसाठी माहिती लिहिणारा मात्र लिहील, ‘ज्ञानेश्वर इज सेड टू हॅव मूव्ह्ड अ वॉल’. तो खोटं म्हणत नाही आणि खरंही म्हणत नाही. सांगणाऱ्यांच्या खांद्यावर ठेवून मोकळा होतो. तसंच काळ्या ताजमहालाचं. शाहजहानने यमुनेपलीकडे स्वतःसाठी काळ्या संगमरवराचा दुसरा ताज बांधायचं ठरवलं होतं, ही कथा आग्र्याला गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. तिचा उगम ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनाकडे नेला जातो. पलीकडच्या मेहताब बागेत उत्खननं झाली. काळ्या ताजचा पाया तिथे सापडला नाही. म्हणून जबाबदार लेखक ‘शाहजहान प्लॅन्ड’ लिहीत नाही, ‘इज सेड टू हॅव प्लॅन्ड’ लिहितो. विद्यार्थी निबंधात ते चार शब्द लांबी वाढवणारे म्हणून कापून टाकतात आणि दंतकथेचा इतिहास होतो.

इथे ‘टू हॅव’ कशासाठी, तेही बघू. ‘ही इज सेड टू लिव्ह इन पुणे’, तो पुण्यात राहतो म्हणे. ‘ही इज सेड टू हॅव लिव्ड इन पुणे’, तो पुण्यात राहायचा म्हणे. म्हणणं दोन्हीकडे आजचंच, राहणं एकीकडे आजचं आणि दुसरीकडे पूर्वीचं. आणि ‘ही वॉज सेड टू लिव्ह इन पुणे’ म्हटलं तर म्हणणंच पूर्वीचं. तो तेव्हा पुण्यात राहतो असं लोक तेव्हा म्हणायचे. दोन क्रियापदं, दोन काळ. ‘इज’ किंवा ‘वॉज’ बोलणाऱ्यांचा काळ सांगतो. ‘टू’ किंवा ‘टू हॅव’ घडलेल्या गोष्टीचा. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे, कारण पोरं भूतकाळ दाखवायला ‘इज’चा ‘वॉज’ करतात.

भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांचं एक लाडकं रूप आहे, ‘इज लर्न्ट टू हॅव’. ‘द मिनिस्टर इज लर्न्ट टू हॅव रिझाइन्ड.’ हे वाचलं की मला मराठी बातमीतलं ‘असे समजते’ ऐकू येतं. मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते. कोणाला समजतं, कोणाकडून समजतं, ते आत ठेवलेलं. ‘अंडरस्टुड टू हॅव’ त्याचा चुलतभाऊ. यांत वाईट काही नाही, बातमीदाराला सूत्र लपवावं लागतं. पण वाचणाऱ्याने ‘दिला’ आणि ‘दिल्याचे समजते’ यांतला फरक पुढे पाठवताना गाळू नये. व्हॉट्सअॅपवर तो हमखास गळतो.

‘अलेज्ड’पाशी तर खरोखर एखाद्याची अब्रू असते. ‘ही इज अलेज्ड टू हॅव टेकन अ ब्राइब’, त्याने लाच घेतल्याचा आरोप आहे. आता याच अर्थाने आपले लोक लिहितात ‘ही इज अक्यूज्ड टू हॅव टेकन’. ‘अक्यूज’ला हा साचा चालत नाही, ‘अक्यूज्ड ऑफ टेकिंग’. मराठीतही ‘घेतल्याचा आरोप’ असा ‘चा’ लागतो, त्या ‘चा’ला ‘ऑफ’ समजा. ‘सस्पेक्टेड’ही ‘ऑफ’वाला, ‘चार्ज्ड’ला ‘विथ’ लागतो. व्याकरणापलीकडचा फरक असा की ‘चार्ज्ड’मध्ये एक रीतसर पायरी झालेली असते, ‘अलेज्ड’मध्ये फक्त कोणीतरी म्हणालेलं असतं. आणि ‘अलेज्ड’ लिहिलं म्हणजे लिहिणारा बदनामीच्या जबाबदारीतून आपोआप सुटतो, असंही नाही. ऐकीव आरोप पुन्हा छापणं हीसुद्धा कृतीच असते.

‘सपोज्ड टू’ या दोन्ही घरांत ये-जा करतो. ‘धिस फिल्म इज सपोज्ड टू बी गुड’, सिनेमा चांगला आहे म्हणे. ‘यू आर सपोज्ड टू पे बाय द टेन्थ’, दहा तारखेपर्यंत भरायला हवेत. आणि ‘द ब्रिज वॉज सपोज्ड टू बी रेडी बाय मार्च’, पूल मार्चपर्यंत तयार व्हायचा होता. झाला नाही हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. भारतात हे तिसरं वाक्य किती कामाला येतं ते मी वेगळं सांगत नाही.

आता तिसरं घर. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण इथलं वाक्य नीट न कळल्याने माणसाचं नुकसान होतं. ‘डीम्ड’. व्याकरणाने हा दुसऱ्या घरातलाच वाटतो, मानलेला. पण ‘बिलीव्हड’मध्ये मानणाऱ्याला ते खरं वाटत असतं. ‘डीम्ड’मध्ये खरं वाटण्याचा प्रश्नच नाही. खरं असो वा नसो, आम्ही तसं धरून चालणार, असा तो शब्द आहे.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’. हे नाव अर्धं कापलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सोय आहे की विद्यापीठ नसलेल्या एखाद्या उच्च शिक्षण संस्थेला, आयोगाच्या सल्ल्याने, केंद्र सरकार अधिसूचना काढून या कायद्यापुरतं विद्यापीठ मानू शकतं. ‘शॅल बी डीम्ड टू बी अ युनिव्हर्सिटी’. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था 1958 मध्येच या यादीत आली, मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1964 मध्ये, पुण्याचं डेक्कन कॉलेज 1990 मध्ये. मराठीत आपण ‘अभिमत विद्यापीठ’ म्हणतो आणि तो शब्द मला फार नेमका वाटतो, अभिमत म्हणजे मानलेलं. इंग्रजीत मात्र जाहिरातींमधून ‘टू बी’ गळलं, मग ‘डीम्ड’ही गळलं आणि काही संस्थांच्या फाटकावर नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ उरलं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आयोगाने अशा संस्थांना कळवलं की नावात ‘युनिव्हर्सिटी’ लावू नका, हवं तर नावापुढे कंसात ‘डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी’ लिहा. एका पॅसिव्ह क्रियापदासाठी आणि त्याच्या ‘टू बी’साठी देशभरातल्या पाट्या रंगवाव्या लागल्या. आणि दाराआड कोण, हे इथे स्पष्ट आहे : केंद्र सरकार. संस्था स्वतःला मानू शकत नाही.

धनादेशाचा कायदा घ्या. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट 1881 चा, पण त्यातलं 138 वं कलम 1988 च्या दुरुस्तीने आलं. खात्यात पैसे नाहीत म्हणून धनादेश परत गेला, घेणाऱ्याने बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस दिली आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत तुम्ही पैसे दिले नाहीत, तर त्या कलमातल्या अटी पूर्ण होऊन तुम्ही गुन्हा केला असं मानलं जातं, ‘डीम्ड टू हॅव कमिटेड अॅन ऑफेन्स’. इथे ‘टू हॅव’ आहे, म्हणजे झालेली गोष्ट. हे वाक्य ‘गुन्हा करतील असं वाटतं’ असं वाचणारे मला भेटले आहेत. तसं नाही. त्या 15 दिवसांत हातपाय हलवायचे असतात.

मागच्या वर्षी आपल्या एका प्रेक्षकाने घरमालक कंपनीचं पत्र मला पाठवलं होतं. त्यात भाडेवाढ होती आणि शेवटी असं की अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास ‘यू शॅल बी डीम्ड टू हॅव अॅक्सेप्टेड द रिव्हाइज्ड टर्म्स’. त्यांनी ते ‘नव्या अटी स्वीकाराव्यात ही विनंती’ असं वाचलं. विनंती आहे, आपल्याला मान्य नाही, मग उत्तर कशाला द्या, असा त्यांचा सरळ विचार. वाक्य म्हणत होतं की तुम्ही गप्प बसलात तर तुम्ही होकार दिला असं आम्ही धरू. पहिल्या घरातलं वाक्य आणि तिसऱ्या घरातलं वाक्य यांत असा फरक आहे. एकात गप्प बसणं म्हणजे नकार, दुसऱ्यात गप्प बसणं म्हणजे होकार. कोणीतरी असं एकतर्फी लिहिलं म्हणून ते कायद्यात टिकतंच असं नाही, तो वकिलाला विचारायचा प्रश्न. पण आज उत्तर टाकायचं की नाही, हे ठरवायला आधी वाक्य कळावं लागतं. त्यांनी दोन ओळींचं उत्तर शेवटच्या दिवशी पाठवलं, मान्य नाही म्हणून.

दाराआडचा माणूस नेहमी आपल्याविरुद्धच असतो असं समजू नका. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाचं तिसरं कलम बघा. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणाही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती केली जाणार नाही. इंग्रजीत तिथे ‘शॅल बी कंपेल्ड टू बी’ आहे, सुरुवातीला ‘नो पर्सन’ लावून. हे पहिल्या घरातलं वाक्य, पण नकाराचं. सक्ती कोण करणार नाही ते लिहिलेलं नाही, आणि तीच त्याची ताकद आहे. पोलीस म्हटलं असतं तर इतर यंत्रणांनी आम्ही पोलीस नाही म्हटलं असतं. कर्ता रिकामा ठेवल्यामुळे वाक्य फक्त पोलिसांपुरतं उरत नाही. ‘पॅसिव्ह टाळा, ते लपवाछपवीचं लिखाण’ असं लेखनाच्या शिबिरांत सांगतात. माझ्या मते ते अर्धवट आहे.

शेवटी एक वाक्य, ज्यात आजचं बरंचसं एकत्र येतं. जनरल क्लॉजेस अॅक्ट, 1897, कलम 27. कायद्याने एखादा कागद टपालाने बजावायचा असेल तर तो कधी बजावला गेला असं धरायचं, हे तिथे सांगितलंय. पत्ता नीट लिहून, टपालखर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पत्र टाकलं की बजावणी झाली असं मानायचं, तिथे ‘डीम्ड टू बी इफेक्टेड’ आहे. आणि नेहमीच्या टपालाने ते जेव्हा पोचलं असतं त्या वेळी ती झाली असं मानायचं, तिथे ‘टू हॅव बीन इफेक्टेड’. एकाच ‘डीम्ड’ला दोन शेपट्या, एक कशाने झाली ते सांगणारी, दुसरी कधी झाली ते सांगणारी. दुसरीला एक अट जोडलेली आहे, ‘उलट सिद्ध झालं नाही तर’. म्हणजे पत्र खरोखर पोचलंच नाही हे तुम्ही दाखवू शकलात तर ते धरणं मोडतं. पण पोस्टमन दारात आल्यावर ‘घ्यायचं नाही, परत पाठवा’ म्हणून पाकीट न घेणाऱ्याला त्याचा फायदा मिळेल असं समजू नये.

सरावासाठी तीन वाक्यं देतो. प्रत्येकात दाराआड कोण असू शकेल आणि घर कोणतं, एवढं वहीत लिहा. ‘द अॅप्लिकंट इज प्रिझ्यूम्ड टू हॅव रेड द टर्म्स.’ ‘व्हिजिटर्स आर नॉट अलाउड टू पार्क हिअर.’ ‘द डिरेक्टर इज बिलीव्हड टू बी अब्रॉड.’ पुढच्या भागात ‘टू’ऐवजी ‘-इंग’ येतं ती क्रियापदं घेऊ.